मंडळाची पेटी आणि वरचा सा

आमच्या मंडळाची फिरती ढाल दरवर्षी कुठल्यातरी एकाच शाळेला मिळते. किस्से मात्र सगळ्याच शाळा देऊन जातात, आणि ते ठेवायला कपाटही लागत नाही!

मंडळ सक्करदऱ्यातलं. कामं दोनच. शाळांची समूहगीत स्पर्धा घ्यायची, आणि ज्या शाळेकडे हार्मोनियम नाही तिला वर्षभर आमची पेटी द्यायची. शाळा अंतिम फेरीत पोचली तर पेटी पुढच्या वर्षीही तिच्याकडे, नाही तर रांगेतल्या दुसऱ्या शाळेकडे. नियम आमच्या सचिवांचा, ठोंबरे सरांचा. पेट्या पोचवायचं आणि परत आणायचं काम माझं. म्हणजे हार त्यांना, शिव्या मला.

*

स्पर्धेत परीक्षक पडद्यामागे बसतात. कोणती शाळा गातेय ते त्यांना कळू नये म्हणून. पहिल्याच वर्षी गाणं सुरू व्हायच्या आधी मंचावर एक मुलगी खोकली. लगेच पडद्यामागून परीक्षकांचा आवाज आला, "चिऊ, सकाळी काढा घेतला नाहीस ना?"

नात होती त्यांची. सभागृह हसलं. ठोंबरे सर तेवढे हसले नाहीत.

*

मग सरांनी फतवा काढला की मंचावर शाळेचं नाव कुणी घ्यायचं नाही, फक्त क्रमांक सांगायचा. धंतोलीकडच्या एका शाळेनं तो अगदी पाळला. मुलं आली, क्रमांक सांगितला आणि गायला लागली. गाणं कोणतं? त्यांचं शाळागीत. दर कडव्यात शाळेचं नाव, आणि शेवटी संस्थापकांचं आडनावासकट! सर घंटा वाजवायला उठले, पण कोणत्या नियमाखाली वाजवायची ते ठरेना, म्हणून परत बसले.

*

काटोलजवळच्या एका गावात वानखेडे बाई गणित शिकवतात आणि हौसेनं गाणंही. आमची एक पेटी त्यांच्या शाळेत आहे. स्पर्धेच्या दिवशी पेटी मंडळात जमा करावी लागते, म्हणून बाई यंदा मुलं आणि पेटी घेऊन एसटीत चढल्या. संत्र्यांचा हंगाम, गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं पेटी आपल्या सीटवर ठेवली, स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आता एक गाणं तर होऊन जाऊ द्या." मुलं कळमेश्वरपर्यंत गात आली.

हे मला सांगताना बाई हसत होत्या, पण पेटीची कडी काही सोडत नव्हत्या. यंदा पेटी गेली तर शाळेतलं गाणं संपलं. त्यांच्याकडे दुसरं वाद्य म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा.

*

मंचावर सगळ्यांसाठी एकच नवी पेटी असते. बाई ती वाजवायला बसल्या, मुलांनी गाणं उचललं. दर कडव्यात चाल चढत चढत वरच्या सापर्यंत जायची, आणि नेमकी तिथं सगळी मुलं एकदम गप्प! पेटी एकटीच तो सूर वाजवायची, आणि पुढच्या सुरावर मुलं पुन्हा एकदिलानं उतरायची. प्रत्येक कडव्यात तसंच. मला वाटलं, गेली यांची पेटी. पडद्यामागून मात्र "वा!" ऐकू आलं.

शाळा अंतिम फेरीत गेली. परीक्षक मुद्दाम बाहेर आले. सगळ्यात उंच सूर ऐकणाऱ्यावर सोडून द्यायचा, हे धाडस मोठ्या गायकांनाही होत नाही म्हणाले, आणि ही चाल कुणी बसवली म्हणून विचारू लागले. बाई घाईनं मुलं मोजायला लागल्या.

नंतर मी जमा झालेली जुनी पेटी तपासली. वरच्या साची पट्टी दाबली तर नुसती हवा. बाईंनी हळूच सांगितलं की जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून ती मुकीच आहे, पण तक्रार केली तर आम्ही पेटी परत नेऊ म्हणून त्या बोलल्या नाहीत. मुलं पेटी जशी वाजली तशीच गाणं शिकली होती. मला हसू आलं.

एवढ्यात आमचं बोलणं ऐकत ठोंबरे सर आले. त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते. पेटी तुमच्याकडेच राहील म्हणाले, आणि ती पट्टी मंडळ उद्याच दुरुस्त करून देईल.

बाईंचा चेहरा उतरला.

"दुरुस्त नका करू जी, सर. अजून फायनल बाकी हाये. सा वाजाले लागला, तं पोरं श्वास कुठं घेतीन?"