सात नंबरचा गोल

कॉम्प्युटर नुकतेच आले होते. बरकतपुऱ्यातल्या ज्या आर्किटेक्टकडे मी नोकरीला होतो, तिथे अजून एकही नव्हता. म्हणून नकाशे कॉम्प्युटरवर काढून घ्यायला मी नामपल्लीच्या एका दुकानात जायचो. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचं. तिथे मशीनवर एक मुलगी बसायची. रेष ओढताना श्वास रोखायची आणि जुळली की खुर्चीतच किंचित डोलायची. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तारनाक्याच्या घरमालकानं भिंतीतली देवळी रद्द केली. नकाशात अशा प्रत्येक तपशिलाला गोलात नंबर असतो. देवळीचा सात होता. मी म्हटलं, "सात काढा, पुढचे सगळे एकेक मागे घ्या. मशीन करतंच की."

तिनं माउस सोडला. "नक्को जी. साइट पे मिस्त्री आठ कू आठ समझके काम शुरू कर दिया होंगा. हम यहाँ एसी में बैठके उसका आठ सात कर देना?"

"पण आमच्या सरांना मधेच गाळलेला नंबर चालत नाही."

"तो सर कू मेरे पास भेजो." तिनं सातचा गोल तसाच ठेवला, शेजारी 'रद्द' लिहिलं आणि कागद छापायला सोडला.

त्याच आठवड्यात मी साइटवर गेलो. मिस्त्रीनं जिन्याच्या भिंतीवर कोळशानं हा मोठा आठ काढून कठडा बसवायला घेतला होता. त्यानं नवा नकाशा उलगडला, आठवर बोट टेकवलं, मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला.

त्या माणसाला तिनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.