मुरुमांच्या गोळ्या आणि आमचे साडू

दिनांक १४ जुलै २०२०, रुपये १,८६० फक्त. एवढे मोजून आमच्या साडूंनी भाच्याकडून मुरुमांच्या उरलेल्या गोळ्या विकत घेतल्या. साडूंचं वय अठ्ठावन्न, डोक्याला टक्कल, गाल भोपळ्यासारखे गुळगुळीत.

साथ जोरात होती. हे औषध साथीच्या विषाणूला अडवू शकेल का, असा प्रश्न करणारी बातमी त्यांनी वाचली. प्रश्नचिन्ह सोडून. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला होता, हे शेवटच्या ओळीत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत साडू आयुष्यात कधी पोचले नाहीत.

हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी जन्म काढला. खोकी फेकायची, सुटा माल कप्प्यांत लावायचा, ही तिथली शिस्त. गोळ्यांचंही तेच केलं. रोज सकाळी ते घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत आणि समोर उभे राहत. घरात एकेकाचे ओठ फुटू लागले. "बघा, औषध लागू पडतंय!" असं वर सांगत.

ऑगस्टमध्ये सुनेला दिवस गेल्याचं कळलं म्हणून आम्ही भेटायला गेलो. बायकोची नजर कप्प्यांच्या डबीवर गेली.

"भावोजी, या कसल्या गोळ्या?"

"मुरुमांच्या. साथीवर रामबाण! सूनबाईही घेतात."

बायकोने डबी उचलून घेतली. "अहो, त्यानं पोटातल्या बाळात व्यंग येतं! खोक्यावर चित्रासकट लिहिलेलं असतं!"

"खोकी कोण ठेवतं?" साडू म्हणाले.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. सून मात्र शांत होती.

"मावशी, मी एकही गिळली नाही. जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकायची."

"अगं, पण तुला कसं कळलं?"

"कळलं काहीच नाही. पण गेल्या वर्षी बाबांनी गुडघेदुखीचं तेल केसांना लावायला दिलं होतं."

मेहुणीने डोळे पुसले. साडूंनी हिशेब केला.

"म्हणजे एवढा महाग माल मोरीत?"

सुनेने आत जाऊन बॅग भरली. "बाळंतपण होईपर्यंत मी आईकडे," एवढंच नवऱ्याला सांगितलं. तोही निमूट चपला घालून निघाला. वाटेत आम्ही तिला डॉक्टरांना दाखवलं. सगळं ठीक होतं.

साडूंनी गोळ्या चालूच ठेवल्या. ऑक्टोबरात त्यांना साथीनं गाठलं. बरे झाले, आणि श्रेय गोळ्यांना दिलं. मार्चमध्ये नात झाली. ती अजून आजोळीच आहे.

त्या दिवशीची डॉक्टरांची फी मी भरली होती. ते साडेतीनशे रुपये साडूंकडून येणे आहेत.