डाव्या पायाला काम नाही

रिसोडच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात गूळ तोलत होतो. केनवडचा एक ओळखीचा शेतकरी समोर येऊन म्हणाला, "आपोआप गेला, भाऊ." मी तागडीकडे बघतच विचारलं, "काय गेलं आपोआप?" तो घुटमळला. "तुमचा उकंडा गेला… चार-दोन दिसाच्या तापानं." मरणाची बातमीसुद्धा या माणसाची धड येऊ नये! शेजारी उभं असलेलं एक गिऱ्हाईक 'आपोआप' हे उकंड्याचं टोपणनाव ऐकून फिसकन हसलं. मी त्याला दुकानाबाहेर काढलं. गूळ तसाच तागडीत राहिला.

उकंडा माझा लहानपणापासूनचा दोस्त. दुसऱ्या महायुद्धात फौजेचा ड्रायव्हर म्हणून इराणात गेला आणि रशियासाठीचा माल डोंगरांतून ट्रकनं वाहत राहिला. परत आला तो बर्फ घेऊनच. आम्ही वऱ्हाडातली माणसं, आम्हाला बर्फ म्हणजे गारा. लोक विचारायचे, "लय गारा पडे का रे तिकडं?" तो जीव तोडून सांगायचा, "गारा नाही बाप्पा, सडकच गोठते! शेवाळलेल्या घाटावानी. तिथं ब्रेक दाबला का मेला माणूस. खालचा गेर टाकाचा अन् हळूहळू उतराचं." इथवर ठीक होतं. पण पुढं तो हटकून एका अमेरिकन गाडीवर यायचा. तिथल्या अमेरिकन तळावरची एक नव्या तऱ्हेची गाडी म्हणे त्याला एकदाच चालवायला मिळाली होती. "ते गाडी आपोआप गेर बदलते. डाव्या पायाले कामच नाही. उतारावर बर्फ लागला, म्या सवयीनं क्लच दाबाले गेलो तं पायाखाली काहीच नाही! गाडीनं मधातच आपल्या मनानं गेर बदलला, चाकं सरकली, अन् आडवी होऊन पार दरीच्या काठावर थांबली." आणि पारावरची सगळी माणसं खो-खो हसायची. तेव्हापासून त्याचं नाव 'आपोआप' पडलं.

मी त्याला किती वेळा सांगितलं की बाबा, बर्फ सांग, दरी सांग, पण ती गाडी गाळ. ऐकेल तर शपथ! त्याला दुसरं काही नको होतं. कुणीतरी एकदा 'खरं आहे' म्हणावं, एवढंच. मी म्हणालो नाही, कारण मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. गाडीच गेर बदलायला लागली तर ड्रायव्हर ठेवायचा कशाला?

रिसोड-वाशीम सर्व्हिस मोटारीला ड्रायव्हर हवा होता. मालक करीमशेठ माझ्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक, मी शब्द टाकला. गाडी चालवून दाखवायला जाताना उकंड्याला बजावलं, "इराण काढायचं नाही." तो म्हणाला, "नाही काढत." गाडी तर त्यानं अशी चालवली की मागच्या बाकावरच्या म्हातारीची डुलकी मोडली नाही. करीमशेठ खूश. उतरता उतरता ते सहज बोलले, "मोटर म्हंजे सारा गेरचाच खेळ. काय?" मी खोकलो. उकंड्याचा पाय तुडवला. उपयोग शून्य. "साऱ्याच मोटरींचं तसं नसते, शेठ…" आणि सुटला तो थेट दरीच्या काठापर्यंत! करीमशेठनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, जो माणूस मोटरीबद्दल असं बोलते, तो तिकिटाच्या पैशाबद्दल खरं बोलीन काय?"

वाटेत मी त्याला नाही नाही ते बोललो. "घंटाभर तोंड बंद ठेवाले काय झालं होतं तुले?"

"त्यानं इचारलं," उकंडा म्हणाला. "मंग खोटं सांगू काय?"

हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि हा आपला बैलगाडी हाकायला मोकळा. पुढं मोटारीचं चाक त्याच्या हाती कधी आलं नाही.

तेरावं झाल्यावर केनवडला उकंड्याच्या घरी गेलो. गिरजावहिनी, त्याची बायको, ओसरी सारवत होत्या. त्याची बाज तिथंच होती. बाजेवर बसला की त्याचा डावा पाय सारखा जमीन दाबायचा… बोलताना, चहा पिताना, गप्प बसल्यावरही. त्यापायी तिथल्या मातीत वाटीएवढा खळगा पडला होता. वहिनींनी सगळी ओसरी सारवली, खळगा तेवढा सोडला.

मी वैतागून म्हणालो, "बुजवून टाका ना तो एकदाचा."

"कितीदा तं बुजवला, भाऊजी. दोन दिसात पुन्हा तसाच होये." त्यांचा हात थांबला. "आता बुजवला तं बुजलेलाच राहीन…"

मला उकंड्याचाच राग आला. आणखी कुणाचा येणार? बाजेवर बसलो. वहिनींनी चहा आणला, तो प्यालो, पीकपाण्याचं काहीबाही बोललो. उठताना खाली पाहिलं तर माझा डावा पाय त्या खळग्यात होता. लिहायला जिवावर येतं, पण दुसरा शब्द सापडत नाही. आपोआप गेला.