पारा लागलेली अंगठी

ती घटना आठवली की आजही माझा अंगठा डाव्या हाताच्या अनामिकेकडे जातो. तिथे अंगठी नाही हे ठाऊक असूनही जातो.

नव्वदच्या दशकात मी पेणला फौजदार होतो. एकदा सकाळची हजेरी आटोपत असताना एक बाई गावातल्या सोनाराला जवळजवळ ओढतच ठाण्यात घेऊन आली. मागे तिचा नवरा, खाली मान घालून.

"सायेब, यो चोर हाय! मंगळसूत्राच्या वाट्या उजळायला दिल्या व्हत्या. माहेरची, सासरची, घरी आनून घातल्या नि चार दिसांत दोनी पांढऱ्या परल्या. सोनं काढून घेतलं यानं!"

वाट्या खरोखरच चांदीसारख्या दिसत होत्या. सोनार म्हातारा आणि तापट. "माझ्या आजोबांपासून पेढी आहे, साहेब. हे गावात पसरलं तर उद्या पायरी कोण चढेल?" म्हणत तो रडकुंडीला आला.

तक्रार अर्ज घेतला, जबाब सुरू केले. सवयीप्रमाणे सगळ्यांना चहा दिला. चहा पिणारा माणूस पुष्कळ सांगून जातो. नवऱ्याच्या हातातली कपबशी खडखडू लागली. मला वाटलं, चोर सापडला. घरच्या मालावर घरचाच हात, हे मी बरेचदा पाहिलं होतं. त्याला बाजूला घेऊन दरडावलं, "हात का थरथरतोय?"

"पावसाळ्यापासना असाच थरथरतोय, सायेब. मिठागरावर व्हतो तवा हात फुटायचं, थरथरायचं नाय." आणि तो खिडकीतून खाडीच्या दिशेने बघत राहिला. त्या बघण्यात खोटेपणा नव्हता. आता तो रोह्याच्या वाटेवरच्या एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे होता. काम धूळ काढायचं.

"कामाचे कपडे कोण धुतं?"

"मीच की! दगडावर आपटते," बाई म्हणाली.

हवालदार पाठवून न धुतलेली पॅन्ट मागवली. टेबलावर तिची दुमड उलटी केली, तर राखाडी धूळ सांडली आणि धुळीतून चकाकते बारीक मणी घरंगळले. ते खाली पडू नयेत म्हणून मी हात आडवा घातला.

"अंगठी काढा, साहेब! पारा आहे तो!" सोनार ओरडला. तोवर अंगठीची एक बाजू पांढरी झाली होती.

कपडे आपटायला वाकली की बाईच्या वाट्या याच धुळीत लोंबत असणार. तिने सोनाराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "चुकलं गो बाय माजं," एवढंच पुटपुटली.

पंचनामा करून कारखाना गाठला. तिथले इंजिनिअर मोठ्या अभिमानाने सांगू लागले, "चुनखडीत, कोळशात थोडा पारा असतोच. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती धूर गाळायच्या गाळणीतल्या धुळीत अडकते. ती धूळ पुन्हा भट्टीत घातली तर पारा पुन्हा उडेल. म्हणून आम्ही ती वेगळी तापवून, वाफ थंड करून पारा धरतो. धुराड्यातून बाहेर जाऊ देत नाही."

"धुराड्यातून नाही, गेटमधून जातोय," मी म्हणालो. "तुमच्या कामगाराच्या पॅन्टच्या दुमडीतून."

पुढे वरिष्ठांमार्फत प्रदूषणाच्या कार्यालयाला अहवाल गेला. धूळ हाताने काढणं थांबलं, कामाचे कपडे कारखान्यातच धुतले जाऊ लागले. त्या माणसावर दवाखान्यात उपचार झाले. हात बराच सुधारला, पण पूर्ण नाही. त्याचं मिठागर मात्र तोवर भराव घालून बुजवलं होतं. सोनारावरचा अर्ज, तथ्य नाही म्हणून, दप्तरी दाखल होऊन मिटला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच: एक वाट बंद केली की दुसऱ्या वाटेवर उभं राहून बघावं. आणि थरथरणारा प्रत्येक हात गुन्हेगाराचा नसतो.

अंगठी लग्नात सासऱ्यांनी घातलेली. घरी दाखवली तेव्हा आमची ही कपाळावर हात मारून हसली. "चोर पकडायचा सोडून पारा पकडलात!" सोनाराने बजावलं होतं, की ही बोटात घालू नका आणि घरी विस्तवावरही धरू नका, त्याची वाफ वाईट. म्हणून हिने ती काचेच्या बाटलीत ठेवली आणि झाकण दोन्ही हातांनी आवळलं. उजळून घेऊ, पुढच्या बदलीनंतर, असं दर बदलीला म्हणत राहिलो.

हिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अंगठी पिवळी करून देणारे पुष्कळ आहेत. पण त्यासाठी बाटली उघडावी लागेल, आणि ते झाकण तिने लावलेलं आहे.