अक्काची ना

"ह्या मना भाडोत्री नहीत," धुळ्याच्या कोर्टात पिंजऱ्यात उभी राहून अक्का म्हणाली आणि आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. तिच्या पुतण्याचा वकील लगेच उठला. "साहेब, हे लिहून घ्यावं. भाडेकरू नाहीत, म्हणजे घुसलेले आहेत." मी बाकावर बसून होते. आम्ही राहत होतो ती भाड्याची खोली गेली असती तर सोनगीरला सासरी मला आणि दोन लेकींना कोणी उंबऱ्यात घेणार नव्हतं.

नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. अक्का आमची घरमालकीण. नवरा आणि दीर वारल्यावर घर निम्मं तिचं, निम्मं पुतण्याचं झालं. पुतण्याने एकट्यानेच आमच्यावर खोली खाली करण्याचा दावा लावला. आमचा वकील म्हणाला, "एका हिस्सेदाराला एकट्याने दावा लावता येतो. पण दुसऱ्याने ना म्हटली तर अडतं. आता सगळं अक्काच्या तोंडात."

त्या तोंडाचीच भीती होती. अक्का गोड बाई नव्हती. दार न वाजवता आत यायची, पातेल्यावरचं झाकण उचलायची, बोटाने चव घ्यायची आणि "मीठ कमी शे" म्हणून निघून जायची. गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, कोणी कुठे वाळत घालायचे यावरून आमचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. तरी ती यायचीच. चव घेऊन भिंतीला म्हणायची, "आज तिखट जास्ती शे, कोनी सांगा हिले."

न्यायाधीशांनी विचारलं, "आजी, भाडेकरू नाहीत तर कोण आहेत?"

"घरना मानसं शेतस. भाडोत्रीनं पातेलं कोनी उघडस का?"

"भाडं देतात का?"

"दर महिनाले. मीच लेस."

पुतण्याचा वकील म्हणाला, "पण तुम्ही यांच्याशी बोलतसुद्धा नाही."

"बोलस नही म्हनीसन काढी देवानं का? तसं ऱ्हातं तर हाऊ पुतन्या पहिले जाता."

साहेबही हसले. मग त्यांनी नीट विचारलं, खोली खाली करून घ्यायला तुमची संमती आहे का.

"नही. मनी ना शे. लिखी ल्या."

दावा फेटाळला गेला. मी अक्काकडे गेले, बरं वाटलं म्हणाले. ती म्हणाली, "मना जागावरथीन तुना बिबडा उचल पहिले."

पुढे अक्का वारली. तिचा हिस्सा यावलला दिलेल्या तिच्या लेकीकडे आला. खोली खाली करून घ्यायला तिनेही ना म्हटली. पुतण्याही गेला. खोलीत मी आहे.