वज्रपंख मेला नाही

अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी माझ्या मावसभावाइतका निष्ठावान माणूस सापडणार नाही. लोक निष्ठा देवाला वाहतात, पुढाऱ्याला वाहतात, अगदीच काही नाही तर सासऱ्याला वाहतात, आणि त्यातून त्यांचं काही ना काही भलं होतं. आमच्या मावसभावाने आपली सगळी निष्ठा वज्रपंख नावाच्या एका कागदी वीराला वाहिली. लहानपणी आम्ही भाड्याने आणून वाचायचो त्या हिंदी कॉमिक्समधला हा नायक. एरवी वाचनालयात पुस्तकांवरची धूळ झटकायचा, आणि संकट आलं की पाठीला पोलादी पंख लावून, विजारीवर चड्डी चढवून उडायचा. बाकी आम्ही सगळे मिसरूड फुटेपर्यंत त्यातून बाहेर पडलो. मावसभाऊ वलगावला वडिलांची शेती करू लागला, पस्तिशीकडे झुकला, कपाळ मागे सरकलं, तरी तो तिथेच. त्यात प्रकाशकाने त्याचा घात केला. एका अंकाच्या शेवटच्या पानावर वज्रपंख कड्यावरून कोसळताना दाखवला, खाली ‘अगले अंक में खुलासा’ असं छापलं आणि स्वतः दुकान बंद करून मोकळा झाला. तेव्हापासून तो खुलासा करण्याची जबाबदारी मावसभावाने आपल्या शिरावर घेतली. कुणी सोपवली होती असं नाही.

त्याचं म्हणणं, कोसळणारा माणूस वज्रपंख नव्हेच. खऱ्या वज्रपंखाच्या पट्ट्याचं बक्कल उजवीकडे असतं, याचं डावीकडे आहे. हा शोध त्याने लग्नाच्या पंगतीत सांगितला, दवाखान्याच्या बाकावर सांगितला, बैलाला औषध पाजता पाजता सांगितला. थोरल्या काकांच्या तेरवीला सगळे गप्प बसले असताना तो शेजारच्याला म्हणाला, “ज्याचं तोंड दिसलं नाई, त्याले मेला म्हनू नये.” काकूंनी वळून अशी काही नजर टाकली की आम्ही त्याला ताटासकट ओसरीवर नेऊन बसवलं. तिथेही त्याने गड्याला बक्कल समजावून सांगितलं.

कॉमिक्स वाचून त्याने जगाचा एक नियमही काढला होता. दोन पात्रं एका चौकटीत कधीच दिसत नसतील तर ती दोन नसून एकच असतात. कापसाला भाव नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं आणि भाषणांना मात्र काही तोटा नव्हता, अशी ती वर्षं. त्यामुळे नियमाला खाद्य भरपूर. “आपल्या गावचा लाईनमन अन् लाईट, कवा संगं पायले का तुमी?” तो विचारायचा. आम्ही पाहिलेले नव्हते. कृषी सहायकावर तर त्याचा जुना संशय. कापसाच्या पराटीवर अळी आली की साहेब गायब, पीक खाऊन अळी गेली की साहेब हजर. एकदा साहेब खरोखरच वावरात आले, तेव्हा अळीचे पट्टे दिसतात का म्हणून याने वाकून त्यांची मान बारकाईने पाहिली. साहेबांना वाटलं, हा पाया पडतोय. ते संकोचून “असू द्या, असू द्या” म्हणाले.

या शास्त्रात त्याला तोडीस तोड असा एकच माणूस भेटला, तो अकोल्यातला शिंपी. मूळचे बाळापूरचे हनीफभाई. मावसभाऊ अकोल्याला कामासाठी जायचा आणि काम सोडून त्यांच्या दुकानात भांडत बसायचा. हनीफभाई वज्रपंखाकडे शिंप्याच्या नजरेने बघायचे. “इत्ते भारी पंख, और सिलाई कच्ची. टाका उखड़ा, आदमी गिरा, मर गया. इसमें क्या सोचना?” असं म्हणून ते मशीन चालू करायचे. मग मावसभाऊ आवाज चढवायचा, ते मशीन बंद करायचे आणि गिऱ्हाइकांचे कपडे आणखी दोन दिवस पुढे जायचे.

एवढं सगळं करून हा गृहस्थ लग्नाचा राहिला होता. वज्रपंखाचा त्यात दोष नव्हता. मुलींचे बाप तेव्हा शिपाई चालेल म्हणत, कंडक्टर चालेल म्हणत, पण शेतकरी म्हटलं की पोह्यांची बशीसुद्धा बाहेर येत नसे. मावशीने या एका काळजीने अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. अशात हनीफभाईंनीच स्थळ आणलं. त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या घरची मुलगी होती, आणि त्यांच्या शब्दांत, तिचंही डोकं याच्यासारखंच फिरलेलं होतं. मावशीने मुलाकडून शपथ घेतली की तिथे वज्रपंखाचं नाव काढायचं नाही. तो तयार झाला आणि आम्ही अकोल्याला गेलो.

मुलीचे वडील गावची शेती विकून शहरात किराणा दुकान चालवत होते. ते बाहेरच्या खोलीत माझ्या धाकट्या काकांशी बोलत बसले. आत मावसभाऊ शपथेला जागून तोंड शिवून बसला होता. मुलीने पोहे ठेवले आणि सरळ विचारलं, “हनीफचाचा सांगत होते, तुमी म्हनता वज्रपंख मेला नाई. कावून?”

मावशीने कपाळाला हात लावला.

“बक्कल डाव्या बाजूले हाये,” मावसभाऊ म्हणाला.

“थे चित्र छापतानी उलटं झालं. त्याच्या छातीवरचा ‘व’ बी उलटाच हाये. पायला नाई का तुमी?”

त्याने तो पाहिला नव्हता. इतकी वर्षं ते पान डोळ्यांना चिकटवून बसला, पण बक्कल सोडून त्याची नजर वर कधी गेलीच नाही. बिचारा पांढराफटक पडला. “म्हंजे मेला म्हनता?” त्याने अगदी हळू विचारलं.

“असं कुठं म्हटलं म्या? तुमचा पुरावा खोटा हाये. मानूस जिता असंल.”

त्याला इतकं खूश झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. पुढे दोघांनी जे काही सुरू केलं त्यात आम्ही कुणी नव्हतोच. पोहे निवले, मावशी डोळे पुसत हसायला लागली, आणि मी मनात मानपानाचा हिशेबसुद्धा मांडला. तो मेला, तो नाही मेला, असे आवाज चढत गेले. तेवढ्यात मुलीचे वडील दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“कोन मेलं?” त्यांनी विचारलं. “वलगावचाच हाये का?”

खोलीत कुणी हसलं नाही. शेतकरी गळफास लावून घेत होते त्या वर्षांत हा प्रश्न आमच्याकडे चहाबरोबर विचारला जायचा, आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर असायचं.

“नाई जी. पुस्तकातला हाये,” मावसभाऊ म्हणाला.

“बरं,” म्हणून ते खाली बसले. नंतर त्यांनी विहिरीला पाणी किती, एवढं एक विचारलं आणि निघेपर्यंत मावसभावाच्या भेगाळलेल्या हातांकडे बघत राहिले.

आठवड्याने निरोप घेऊन हनीफभाई स्वतः एस.टी.ने वलगावला आले. खाली मान घालून म्हणाले, “लड़की राज़ी है. बाप नहीं मानता. बोलता है, लड़का हीरा है, लेकिन खेती में नहीं दूँगा.”

मग एक गंमत झाली. आयुष्यभर त्याच्या तर्कांना हसणारे आम्ही सगळे एकदम तर्क लढवू लागलो. मावशी म्हणाली, वरवरचा नकार आहे, मुलीचे बाप आधी असंच म्हणतात. मी म्हणालो, त्यांना परीक्षा बघायची असेल, आपण पुन्हा जाऊ. हनीफभाईंनी तर मुलीच्या बापाच्या बोलण्यात कुठे कुठे फट होती ते शोधून दाखवलं. मावसभाऊ ऐकत होता.

“दुसरं काई नाई त्याच्यात,” तो शेवटी म्हणाला. “त्याले पोरीसाठी भेव वाटून राहिलं. मले बी वाटते.”

इतकी वर्षं मी या माणसाला वेड्यात काढत आलो, आणि त्या संध्याकाळी त्याने एखादा तरी वेडा तर्क काढावा, कसलाही, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. तो उठला, हनीफभाईंना जेवायला वाढलं, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून त्यांना थांब्यावर सोडायला गेला.