कलम सरांची खात्री

कलम सरांना कुणी नमस्कार केला, की ते आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघत आणि मगच हात जोडत. "लय गोड बोलायलास, म्हणजे कायतरी लपवायलास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मानवतच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या हॉकी लीगची नियमावली त्यांनीच लिहिली. वाद झाला, की "कलम कोणतं?" म्हणून विचारत, तेच नाव पडलं.

दुसऱ्याने मोजलेलं मैदान त्यांना चालत नसे, स्वतःची फीत घेऊन पुन्हा मोजत. जखमी म्हणून कळवलेल्या एका गोलकीपरला त्यांनी भरबाजारात पोतं उचलताना गाठलं होतं. सगळे व्यवस्थापक त्यांना वैतागलेले. मी मानवत संघाचा व्यवस्थापक, त्यांचाच जुना विद्यार्थी, मीही.

चांगली पोरं एकाच गावात साठू नयेत म्हणून प्रत्येक खेळाडूला गुण ठरलेले आणि संघाची बेरीज शंभराच्या आत. चुडाव्याचा नवा संघ आला, तेव्हा सरांनी आणखी एक कलम घातलं : जुन्या संघांनी आठ-आठ खेळाडू राखायचे, उरलेल्यांतून प्रत्येकाचा एक चुडाव्यानं निवडायचा. आमच्याकडे चांगले नऊ. नववा गोविंद, नवखा पण चपळ फॉरवर्ड. वालूरकडे राखण्याजोगे सातच, म्हणजे आठवी जागा मोकळी; तिथं गोविंद राखला गेला, की चुडाव्याला तो घेता येणार नव्हता. यादी द्यायच्या चार दिवस आधी मी गोविंदला वालूरला दिला आणि त्यांचा एक कच्चा बचावपटू घेतला. निवड झाली की गोविंद परत येणार, बदल्यात आमचा दुसरा गोलकीपर त्यांना जाणार, असं आमचं आतल्या आत ठरलं.

"गोविंद वालूरला? कामून?" सरांनी विचारलं.

"मामा हाय त्याचा तिथं. ऱ्हायची सोय होते."

सरांनी अदलाबदलीचा अर्ज घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीनं माखून माझ्या दुकानात आले. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"सगळं वालूर फिरून आलो. मामा न्हाई सापडला."

 मी म्हणालो, "सर, अदलाबदलीला मनाई कोणत्या कलमात हाय?"

त्यांनी नियमावली काढली, उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली.

"न्हाई," ते म्हणाले. "माझंच चुकलं. लिवताना तू ध्यानात न्हवतास." आणि अर्जावर सही केली.

चुडाव्याला आमच्याकडून तो कच्चा बचावपटू मिळाला. आठवड्यात गोविंद परत आला, करंडक आम्ही जिंकला. सर मात्र त्या हंगामात रेल्वेनं चुडाव्याला जाऊन उरल्यासुरल्या पोरांना शिकवत राहिले. चुडाव्याला एकही सामना जिंकता आला नाही.

पुढच्या वर्षी ती पळवाट त्यांनी बुजवली. प्रत्येक संघाची यादी नावानिशी तपासली. माझ्या यादीवर मात्र न बघताच सही केली.

"सर, तुमी वाचलंच न्हाई."

"बाकीच्यांवर शंका हाय, म्हणून वाचतो. तुझ्याबद्दल आता शंका न्हाई. खात्री हाय."

त्यानंतर मी एकदाही वाकडी यादी दिली नाही. त्यांना ते कळायला मार्गच नव्हता. मागच्या उन्हाळ्यात सर गेले. त्याआधी शेवटची यादी मी त्यांच्या घरी नेली होती. ते अंथरुणावर होते. "एवढी एक वाचा, सर," मी विनवलं. त्यांनी खिडकीकडे बघत सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.